चंदेरी कागदातला गेम

स्केटबोर्ड नावाची वस्तू मी प्रत्यक्ष हातात धरली तेव्हा माझी तिशी उलटून गेली होती. निगडीतल्या एका सोसायटीच्या आवारात कुणाच्या तरी मुलीची ती फळी पालथी पडली होती. उचलली, चाकं बोटानं फिरवून पाहिली आणि मनात आलं, हात्तिच्या, एवढीच? आमच्या चिखलीत त्या काळी अशी फळी असती तरी चालवली कुठे असती? खडी, राडा आणि भंगाराच्या गाड्यांनी पाडलेले खड्डे यांतून सायकल काढायची मारामार होती. चाकांची फळी आम्हाला ठाऊक होती ती गॅरेजवाल्याची, गाडीखाली उताणं सरकायची. आणि तरीही स्केटबोर्डवरून उडी कशी घ्यायची, हवेत गिरकी घेऊन कठड्याच्या दांडीवर कसं उतरायचं आणि तोल गेला तर कुठल्या बाजूला झुकायचं, हे आम्हा दोघा भावंडांना शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं.

हल्ली मी एका वेबसाइटसाठी व्हिडिओ गेम्सची परीक्षणं लिहिते. मराठीत लिहिते, आणि त्यावर पोटही भरतं, हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पिकल्या केसांकडे बघतात. आई शेजारणीला सांगते, ‘आमची वैशी लोकांचे खेळ बगून मार्क देती, मास्तरणीवानी.’ मध्यंतरी, ज्यानं आम्हाला ते सगळं शिकवलं त्या जुन्या स्केटबोर्डच्या गेमची नवी, घासून-पुसून चकचकीत केलेली आवृत्ती आली आणि साइटवाल्यांनी साहजिकच ती माझ्या गळ्यात घातली. ‘मॅडम, नॉस्टॅल्जिया येऊ द्या भरपूर,’ असंही बजावलं. मी आधी इतरांची परीक्षणं वाचून काढली. सगळी एका साच्यातून काढल्यासारखी होती. बालपण परत मिळालं, शाळेतून घरी पळत येणारी दुपार आठवली, आणि हटकून एक वाक्य, की डोकं विसरतं पण बोटं विसरत नाहीत, कंट्रोलर हातात घेतला की बोटांना सगळं आठवतं. त्या वाक्याशी मी अडले, आणि परीक्षणाऐवजी हे लिहायला बसले.

आम्ही मूळचे लातूरकडचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कामासाठी इकडे आले आणि चिखलीत एका प्रेसशॉपच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत आमचं बिऱ्हाड पडलं. प्रेसशॉप म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणारं शेड. अण्णा तिथेच पॉवर प्रेस चालवायचे, त्यामुळे त्यांचं काम आम्हाला घरबसल्या ऐकू यायचं. धप्प. जरा दम खाऊन पुन्हा धप्प. प्रत्येक ठोक्याला मांडणीतली ताटं किणकिणायची, पिंपातल्या पाण्यावर बारीक वलय उठायचं, आणि आई त्याच लयीत भाकरी थापत असायची. गावाकडून पाहुणे आले की ते पहिल्या दिवशी प्रत्येक ठोक्याला दचकायचे. आम्ही दचकायचो आवाज थांबला की. जेवणाची सुट्टी सोडून आवाज थांबणं म्हणजे काहीतरी बिघडलेलं असायचं. अण्णा घरी आले की तेलाचा वास त्यांच्या आधी दारातून आत यायचा. आई त्यांच्यापुढे सुशीला ठेवायची. सुशीला म्हणजे आमच्याकडचा भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा तिखट प्रकार, वर शेंगदाण्याचं कूट. अण्णांच्या बोटांचे ठसे त्या पांढऱ्या चुरमुऱ्यांवर कितीही हात धुतला तरी उमटायचेच, आणि आई रोज तेवढ्यावरून त्यांना बोलायची.

माझा भाऊ संदीप माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. दादाचं अभ्यासात लक्ष बेताचं, पण हात असे चपळ की गल्लीत कुणाचा पतंग अडकला, कुणाच्या सायकलची चेन पडली, की हाक त्यालाच. एका मोठ्या कंपनीनं आपल्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर मोडीत काढले, त्यातला एक अण्णांनी स्कूटरवर पुढ्यात उभा धरून घरी आणला. का आणला हे त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘पोरं शिकतील की काय तरी.’ आईनं त्याला जुन्या साडीचं झाकण शिवलं. पहिल्या खंडेनवमीला अण्णांनी शेडमधल्या प्रेसला हार घातला आणि आईनं घरात कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं. ती हळद एका बटणाच्या फटीत अशी बसली की ते बटण कायमचं पिवळं राहिलं.

भंगाराच्या दुकानात दादाला इंग्रजी कॉम्प्युटर मासिकांचा एक गठ्ठा मिळाला. एका मासिकात पाकिटात घातलेली सीडी शाबूत होती, आणि त्या सीडीत हा गेम होता. गेम म्हणजे त्याचा नमुना. एकच जागा, एक पडीक गोदाम. उंच उतारावरून फळीवरचा पोरगा दार फोडून आत शिरायचा, लाकडी उतरणींवरून उड्या घ्यायचा, आणि दोन मिनिटं झाली की खेळ संपून पडद्यावर पाटी यायची, की पुढचं बघायचं असेल तर पूर्ण गेम विकत घ्या. पोरगा पडला की रक्ताचा डाग उमटायचा आणि पुढच्या क्षणी तो उठून फळीवर उभा असायचा, जणू काही झालंच नाही. पहिल्यांदा हे चाललेलं असताना अण्णा दारात उभे राहून बघत होते. बराच वेळ बघून त्यांनी काळजीनं विचारलं, ‘बंद पडलीय काय की ही कंपनी? कामगार कुटं गेले सगळे?’ आम्ही पोट धरून हसलो. आता परीक्षणं वाचताना जाणवतं, त्या गोदामातल्या उन्हाच्या तिरिपेबद्दल, संगीताबद्दल जगभरातल्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, पण हा प्रश्न त्यांपैकी कुणालाही पडलेला मी पाहिला नाही.

मासिकात त्या गेमचं परीक्षणही होतं, आणि खरं सांगायचं तर आमचा गेम तेच होतं. दादाला इंग्रजी फारसं वाचता यायचं नाही. मी शाळेत इंग्रजीत बरी, म्हणून डिक्शनरी मांडीवर घेऊन मी एकेक वाक्य लावायची आणि मराठीत मोठ्यानं सांगायची. त्यातून आम्हाला कळलं की गोदामाच्या पलीकडे एक शाळा आहे, तिच्या छपरावरून उड्या मारता येतात, एक डोंगरउतार आहे, एक रात्रीचं शहर आहे. दादा डोळे मिटून ऐकायचा आणि अधूनमधून हटकायचा, ‘शाळेला कंपाउंड आहे का, लिहिलंय का बघ.’ लिहिलेलं नसायचं. मग मी माझ्या पदरचं ठोकून द्यायची, की आहे, आणि त्यावर काचा लावल्यात. पुढे पुढे दादा स्वतःच परीक्षण सांगायला लागला. आईच्या पिठल्याचं, शेजारच्या लग्नातल्या बँडचं, अण्णांच्या घोरण्याचं. ‘ग्राफिक्स बरे, आवाज फार, दहापैकी चार.’ अण्णा चादरीतूनच म्हणायचे, ‘पाच तरी दे रं.’ माझं आजचं सगळं दुकान त्या चादरीपाशी सुरू झालं.

आमच्या कीबोर्डचं एक दुखणं होतं. फळीला वेग द्यायचं बटण सतत दाबून धरावं लागायचं आणि त्यात डाव्या हाताचं एक बोट अडकून राहायचं. दादानं उदबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा दुमडून त्याची पाचर केली आणि बटणाच्या फटीत अशी ठोकली की बटण दाबलेलंच राहील. बोट मोकळं झालं आणि त्याचे गुण दुपटीनं वाढले. अण्णांनी ती पाचर पाहिली आणि फार खूश झाले. ‘आमच्या प्रेसवानी केलास की रं!’ म्हणाले.

प्रेसचं ते मी नंतर पाहिलं. प्रेसला दोन बटणं असायची, दोन हातांसाठी दोन, एकमेकांपासून लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा. दोन्ही हात बटणांवर असले की ठोकळ्याखाली कुठला हात राहणार? पण तसं काम करायचं तर पत्रा ठेवा, हात बाहेर घ्या, बटणं दाबा, पुन्हा हात आत, यात वेळ जातो आणि माल कमी निघतो. म्हणून तिथे सगळेच डाव्या बाजूच्या बटणात लाकडाची पाचर मारून ठेवायचे. मग एका हातानं पत्रा सरकवायचा आणि दुसऱ्यानं बटण मारायचं. नव्या माणसाला शिकवायची पहिली गोष्ट तीच. सुपरवायझरला माहीत, मालकाला माहीत. कुणी बघायला येणार असलं की पाचरी निघायच्या, आणि ते गेले की पुन्हा बसायच्या.

बारावीची परीक्षा झाली आणि दादा म्हणाला, निकालापर्यंत मी शेडमध्ये कामाला जातो, पूर्ण गेम घ्यायचाय. आईनं नको म्हटलं. अण्णांनी आधी होकार दिला नाही, मग म्हणाले, ‘माझ्या नजरेखाली ऱ्हाईल. हुंदडण्यापरीस बरं.’ पहिल्या दिवशी ते दोघं जोडीनं डबे घेऊन मागच्या दारानं गेले. अण्णांनी त्याला आपल्या शेजारच्या प्रेसवर उभं केलं, पत्रा कसा धरायचा ते दाखवलं आणि पाचर स्वतःच्या हातानं मारून दिली. मालक समोरच होता. ‘पोरगं हुशार आहे तुमचं,’ असं म्हणाला. त्या दिवसापासून आमच्या भिंतीपलीकडून दोन प्रेसचे आवाज यायला लागले. अण्णांचा संथ, आणि त्याच्या अध्येमध्ये दादाचा भरभर. आई भाकरी थापताना हसायची, म्हणायची, ‘बापाच्या फुडं पळतंय बग लेकरू.’ संध्याकाळी दादा यायचा तो तेलाचा वास घेऊन, आणि तसाच कॉम्प्युटरपुढे बसून मला म्हणायचा, ‘वाच की जरा ते शाळेचं.’

त्या दुपारी मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. आई दारात ज्वारी निवडत होती. भरभर चालणारा आवाज थांबला. मग संथ आवाजही थांबला, आणि मग शेडमधलं एकेक मशीन थांबत गेलं आणि शेवटी पंखे फिरल्याचं ऐकू यायला लागलं. आई सूप तसंच टाकून उभी राहिली. ती पळाली नाही, ओरडली नाही, नुसती त्या भिंतीकडे बघत राहिली. मग मागच्या दारातून अण्णा आले. त्यांनी दादाला कवेत उचललं होतं, एवढ्या वाढलेल्या मुलाला, आणि दादाचा डावा हात अण्णांच्या शर्टात गुंडाळला होता. अण्णा उघडे होते. दादा शुद्धीत होता. त्याचा चेहरा वेदनेनं वाकडा झालेला नव्हता, तो गोंधळलेला होता, कुणीतरी त्याला भलतंच काहीतरी विचारल्यासारखा. कढईत शेंगदाणे जळत होते आणि तो वास आजही मला सहन होत नाही. आमच्या घरी शेंगदाण्याची चटणी अजूनही विकतची येते.

अंगठा आणि करंगळी राहिली. मधली तिन्ही बोटं गेली. दवाखान्यात मालक फळं घेऊन आला आणि म्हणाला, दोन्ही बटणं नीट चालू असताना असं होतंच कसं, पोरानंच काहीतरी गडबड केली असणार. तोपर्यंत मशीनवरची पाचर कुणीतरी काढून टाकली होती. अण्णा तिथेच उभे होते. त्यांचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. खोली मालकाच्या ओळखीची, नोकरी मालकाची, पुढचे उपचारही त्याच्याच मर्जीवर. मी त्यांना आज दोष देत नाही. पण पलंगावरून दादा अण्णांकडे बघत होता, आणि ते बघणं आम्ही तिघांनी, आईनं, मी आणि अण्णांनी, पाहिलं. तीन दिवसांनी भिंतीपलीकडून पुन्हा संथ धप्प सुरू झालं. आईनं त्या दिवशी भाकरी केल्या नाहीत.

दादा घरी आल्यावर आठवड्याभरात, सुट्टीच्या दिवशी, अण्णा कुणाला न सांगता पिंपरीला गेले. जाताना त्यांनी मासिकातलं परीक्षणाचं पान फाडून घडी करून खिशात घातलं होतं, ते मला नंतर कळलं. संध्याकाळी आले ते एक चपटा डबा घेऊन. दुकानदाराला भेट द्यायची आहे असं सांगितल्यामुळे त्यानं तो चंदेरी कागदात गुंडाळून वर लाल फीत लावून दिला होता. अण्णांनी तो दादाच्या मांडीवर ठेवला. ‘त्योच हाय. पान दाखवूनच आनलाय, पुरा गेम,’ म्हणाले. दादानं उजव्या हातानं तो डबा थोडा वेळ धरला. मग उठून आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या घडीखाली सरकवला. ‘नंतर बघू,’ म्हणाला. अण्णा विनाकारण स्कूटर पुसायला बाहेर गेले.

ते ‘नंतर’ आलं नाही. कॉम्प्युटरवर साडीचं झाकण पडलं ते पडलंच, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारात गेला. शेड चाकणच्या बाजूला हललं तसे आम्हीही कुरुळीला राहायला आलो. कपाट आलं, कपाटाबरोबर चंदेरी डबा आला. मी शिकले, पुण्यात नोकरीला लागले, लग्न केलं. दादाचं लग्न जमलं नाही. मुलीकडचे लोक यायचे, पोहे खायचे, बोलताना नजर हातावर जायची आणि निरोप नंतर कळवतो म्हणायचे. तो एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत लागला, दिवसपाळीला. अण्णांशी बोलायचा, त्यांना औषध आणून द्यायचा, दवाखान्यात न्यायचा. पण त्या हाताविषयी आणि त्या डब्याविषयी दोघांत कधी शब्द निघाला नाही. अण्णा मला विचारायचे. दिवाळीला मी माहेरी आले की मला बाजूला घेऊन हळूच म्हणायचे, ‘उगडला काय गं त्यानं?’ मी नाही म्हणायची. ‘राग हाय त्याला माझा. आसू दे. पाचर मीच मारली की.’ शेवटच्या आजारपणातही त्यांनी एकदा हे विचारलं. तेव्हा दादा त्यांचेच पाय चेपत होता, म्हणून त्यांनी तोंडानं विचारलं नाही, कपाटाकडे बघून नुसत्या भुवया उचलल्या. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझे वडील आपल्या मुलानं आपल्याला क्षमा केली नाही असं धरून गेले, आणि मीही तेच धरून चालले होते.

गेमची नवी आवृत्ती लॅपटॉपवर घालून मी कुरुळीला गेले तो गुरुवार होता, चाकणच्या सुट्टीचा वार. दादा घरीच होता. मी त्याला सांगितलं, जुना आपला गेम परत आलाय, मला त्यावर लिहायचंय, तू बघतोस का. तो टॉवेलनं हात पुसत शेजारी येऊन बसला. गोदाम आलं. तेच उंच दार, तीच तिरीप, फक्त धूळ आता इतकी खरी की शिंक यावी. मी खेळत होते आणि तो बघत होता. दोनदा पडले तेव्हा हसला. ‘डावीकडं झुकायचं असतंय तिथं,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘वाच की. लोकांनी काय लिहिलंय?’

मी फोनवरून वाचून दाखवायला लागले, पूर्वीसारखंच, इंग्रजीचं मराठी करत करत. बोटं विसरत नाहीत, हे वाक्य डोळ्यांसमोर आलं तसं मी ते गाळायला गेले. पण त्याला माझी वाचायची लय पाठ होती. ‘काय गाळलंस?’ म्हणाला. मी सांगितलं. तो लगेच म्हणाला, ‘माझी दोन लक्षात ठेवून हायत. तीन विसरली राव.’ असं म्हणून तो स्वतःच मोठ्यानं हसला, आणि मला हसू आलं नाही.

म्हणून मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते सरळ विचारलं, ‘दादा, तो डबा तू का नाही उघडलास? अण्णांवरचा राग म्हणून?’

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोलले. ‘राग? अण्णांवर? त्यांच्यावर कसला राग गं? पाचर तर सगळेच मारायचे. अण्णांच्या प्रेसलापण होती की.’

‘मग?’

तो लॅपटॉपकडे बघत राहिला. पडद्यावर दोन मिनिटं संपून खेळ थांबला होता. ‘उघडला असता तर खेळावं लागलं असतं,’ म्हणाला. ‘एवढा आणला होता त्यांनी. ते शेजारी बसून बघत राहिले असते. आणि मला ह्या हातानं एक उडीपण जमली नसती, आणि ती जमत नाही हे त्यांनी बघितलं असतं. परत परत. मी म्हटलं, बंद आहे तोपर्यंत बरंय. बंद आहे तोपर्यंत त्यांना वाटेल, पोरगं उघडेल आणि खेळेल कधीतरी.’

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आम्हा दोघांनाही ती कधी आली ते कळलं नाही. तिच्या हाताला पीठ होतं. ती म्हणाली, ‘मग येकदा सांगायचं व्हतंस की रं त्यास्नी.’

उत्तराची वाट तिनं पाहिली नाही. ती आत गेली, कपाटाचा कर्कश आवाज झाला, आणि पिठाच्या हातानंच तो डबा घेऊन आली. चंदेरी कागदाची चमक जाऊन तो घड्यांवर पांढरा पडला होता आणि लाल फीत पिवळट झाली होती. ‘आता म्या बगनार, काय आनलं व्हतं त्येनी,’ म्हणाली आणि आम्ही काही बोलायच्या आत तिनं फीत ओढली. कागद इतका वाळला होता की फाटला नाही, तुकडे होऊन तिच्या मांडीवर पडला. आत डबा नवाकोरा होता. वर तोच फळीवरचा पोरगा, हवेत. नाव तेच. अण्णांनी पान दाखवून बरोबर तोच गेम आणला होता.

मी तो हातात घेतला. परीक्षणं लिहून लिहून डोळ्यांना सवय झाली आहे, आधी वरची पट्टी वाचली जाते. ती वाचली, पुन्हा वाचली, आणि डबा उलटा करून मागची बारीक अक्षरंही वाचली. तो कॉम्प्युटरचा गेम नव्हता. टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन मिळायचं, त्याची ती सीडी होती. नाव सारखं, चित्र सारखं, पण आमच्या कॉम्प्युटरला तिचा काहीच उपयोग नव्हता. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं आणि मशीन कुठलं हे दुकानदारानं विचारलं नसणार.

‘काय झालं?’ दादानं विचारलं.

‘हा आपल्याकडे चाललाच नसता,’ मी म्हणाले. ‘मशीन वेगळं लागतं याला.’

‘म्हणजे मी तेव्हाच उघडला असता तरी?’

‘तरी सुरूच झाला नसता.’

आईला हे नीट समजलं नाही. ती आलटून पालटून आमच्या तोंडाकडे बघत होती. ‘म्हंजे उगडला असता तर काय झालं असतं रं?’ तिनं विचारलं.

दादानं डबा माझ्या हातातून घेतला. करंगळी आणि अंगठ्याच्या चिमटीत धरून त्यानं तो थोडा वेळ पाहिला. ‘काही नाही, आई,’ तो म्हणाला. ‘अण्णा म्हणाले असते, चल बदलून आणू. मी मागं बसलो असतो स्कूटरवर.’